काही हरकत नाही

आमच्या गुरुवारच्या गटात काहीही ठरायला आलं की सगळे आधी खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघायचे. तिथे भाऊ बसलेले असायचे. ते चष्मा कपाळावर चढवायचे, उजवा हात अर्धाच वर करायचे आणि म्हणायचे, "अध्यक्षमहाराज, हरकत आहे. नोंद घ्या."

नोंद घ्यायला तिथे कुणीच नव्हतं. इकडे परदेशात, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरातल्या त्या हॉलमध्ये आम्ही मुलांकडे राहायला आलेली म्हातारी माणसं जमायचो. थोडा व्यायाम, थोडी गाणी, चहा, आणि मग कुणाची सून, कुणाचा जावई गाडी घेऊन आला की आपापल्या घरी. अध्यक्षही नावाचेच. पुण्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, हॉलची किल्ली त्यांच्याकडे असायची म्हणून ते अध्यक्ष. पण भाऊंना समोर अध्यक्ष लागायचा. समोर कुणी नसलं तर त्यांना बोलता यायचं नाही.

भाऊ विट्याचे. नगरपालिकेत कितीतरी वर्षं निवडून आले आणि ती सगळी वर्षं विरोधी बाकावर बसले. एकदा म्हणे दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या होत्या आणि सगळं यांच्या एका मतावर आलं. उपाध्यक्ष करतो म्हणून माणसं घरी येऊन बसली. भाऊंनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, बाहेरून पाठिंबा देतो, आत येणार नाही. ही गोष्ट ते सांगायला लागले की त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मधेच दुरुस्ती करायच्या. "नुसता चहा नाही, पोहे केले होते मी. आणि आत गेले असते तर गाडी मिळाली असती. भाजी आणायला मला पायी जावं लागलं नसतं."

त्यांच्या मुलाचं घर आमच्या मुलाच्या घराच्या मागेच. मधे लाकडी कुंपण. त्यामुळे गुरुवारशिवायचे भाऊही मला माहीत होते. घरात मुलगा आणि सून म्हणजे सरकार. सुनेला ते हाकच मारायचे, "सरकार, आज भाजी काय?" जेवायच्या टेबलावर त्यांची खुर्ची मुलाच्या बरोबर समोर. शेजारी बसायचे नाहीत. गाडीत पुढच्या सीटवर कधी बसायचे नाहीत. पास्ता झाला किंवा टीव्हीवर त्यांना नको ते लागलं, की ते सभात्याग करायचे. म्हणजे ताटावरून उठून मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, जाऊन उभे राहायचे, पायात मोजे आणि मोज्यांवर जँडल, म्हणजे इथल्या रबरी चपला, थंडी असो वारा असो. मग वहिनी त्यांचं ताट बाहेर नेऊन द्यायच्या आणि ते तिथे उभ्या उभ्या तोच पास्ता सगळा संपवायचे. सून आतून विचारायची, "बाबा, हे काय मग?" ते म्हणायचे, "बाहेरून पाठिंबा."

सूनही काही कमी नव्हती. एकदा तिने स्वयंपाकघराच्या दारावर कागद चिकटवला, 'आज सभात्याग करणाऱ्यांना श्रीखंड नाही.' भाऊंनी तो वाचला, चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला आणि त्या दिवशी बसून जेवले. असं वहिनींनी मला हसत हसत सांगितलं.

हरकतीवरून एकदा मोठी गंमत झाली. आमच्याकडच्या तळ्याजवळ एक बाक होता. चालायला जाणारी म्हातारी माणसं तिथे टेकायची. त्याच्या फळ्या कुणीतरी सारख्या मोडायचं, म्हणून कौन्सिलने बाकच काढायचं ठरवलं आणि लोकांचं म्हणणं ऐकायला दोन माणसं हॉलमध्ये आली. आमच्यातल्या पुष्कळांना इंग्रजी येत नाही, म्हणून फिजीहून आलेल्या एक हिंदी बोलणाऱ्या बाई मदतीला बसल्या होत्या. भाऊ उभे राहिले आणि त्या बाईंना समजावं म्हणून आपल्या विट्याच्या हिंदीत मोठ्याने म्हणाले, "ये बाक के बारे में मेरी हरकत है."

हिंदीत हरकत म्हणजे खोडी, नको ते करणं. हे तेव्हा आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. बाई जरा घुटमळल्या आणि त्यांनी इंग्रजीत सांगितलं की बाक यांनी मोडला. कौन्सिलचा माणूस भाऊंकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला, त्यांचा हात हातात घेतला आणि प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. भाऊंना वाटलं हरकत मान्य झाली. त्यांनीही त्याचा हात घट्ट धरून हलवला. खरा प्रकार कळला तो त्यांच्या मुलाला फोन आला तेव्हा. नात म्हणाली, "आजोबा, यू कान्ट जस्ट गो अराउंड कन्फेसिंग." बाक मात्र दुरुस्त करून तिथेच ठेवला. माझ्या हरकतीमुळे ठेवला, असं भाऊ सगळ्यांना सांगत.

आता मी त्यांच्याबद्दल का लिहावं, हे सांगते. मी गटात दाराजवळ बसायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातून चारचौघांत तोंड उघडायची सवय नाही. चहाचे कप मांडायचे आणि ऐकायचं. सहल कुठे न्यायची, दिवाळीला काय करायचं, यावर सगळे बोलायचे आणि ठरवायचे. एकदा असंच ठरत आलं असताना भाऊ म्हणाले, "थांबा. ताईंना विचारलं नाही." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी हातातला कप पुसायला लागले. भाऊ शांतपणे म्हणाले, "ताईंचं मत राखून ठेवलेलं आहे. नोंद घ्या."

तेव्हापासून दर वेळी तेच. मला कधी बोलायला लावलं नाही, आणि कधी वगळलंही नाही. माझ्या घरात, माहेरी किंवा सासरी, माझं मत म्हणून काही आहे आणि ते ठेवून द्यावं, असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

ते नुसते हट्टी होते असंही नाही. त्यांचं स्वतःचं म्हणणं सगळ्यांनी मान्य केलं तरी ते अस्वस्थ व्हायचे. एकदा त्यांनी सुचवलेली सहलीची जागा एकाही हरकतीशिवाय ठरली, तर त्यांनी आपलीच सूचना मागे घेतली. म्हणाले, "सगळ्यांनी मान हलवली म्हणजे कुणीतरी विचार करायचा राहिला."

त्या उन्हाळ्यात एका देशात लढाई होणार अशा बातम्या होत्या. देशाचं नाव आता माझ्या लक्षात नाही. तिथल्या विरोधी पक्षाने कालपर्यंत सरकारला शिव्या दिल्या होत्या आणि लढाई तोंडावर आल्यावर तोच पक्ष सरकारात जाऊन बसला. सगळ्यांचं मिळून एक सरकार झालं. अध्यक्षांनी फोनवरचा फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला. सगळे पुढारी एका ओळीत उभे, हातात हात. अध्यक्ष म्हणाले, याला म्हणतात देशप्रेम, आपल्या लोकांनी शिकावं.

भाऊंनी फोटो बघितला आणि फोन उलटा करून टेबलावर ठेवला. आम्हाला वाटलं आता चष्मा वर जाणार. पण त्या दिवशी ते हात वर न करताच बोलले.

"आता तिथे समोर कोण बसणार?"

निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई म्हणाल्या, "म्हणजे लढाईच्या वेळीसुद्धा भांडत बसायचं का भाऊ?"

"भांडू नका. समोर बसा. लढाई सुरू करायला सगळेच असतात हो. पुरे, आता थांबवा, असं म्हणायला एक तरी माणूस बाहेर लागतो."

मग त्यांनी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. विट्यात एका वर्षी पाण्याचे फार हाल झाले आणि नगरपालिकेने सर्वपक्षीय समिती केली. संकटात विरोध कसला, म्हणून भाऊही आत गेले. टँकर कुठल्या गल्लीत आधी जायचे, कुठे पोचायचेच नाहीत, हे सगळं त्या समितीत ठरायचं. ज्यांच्याकडे पाणी पोचलं नाही ते लोक पूर्वी भाऊंकडे यायचे. त्या वर्षी आले नाहीत. "त्यांना वाटलं, हाही त्यातलाच," भाऊ म्हणाले. "आणि मी होतोच त्यातला." मी चहा ओतायला उठले.

उन्हाळा सरताना, फिजोआ नावाची पेरूसारखी हिरवी फळं पडायच्या दिवसांत, वहिनींचं दुखणं कळलं. त्यांच्या झाडाची फळं त्या कुंपणावरून मला द्यायच्या, मी चटणी करून अर्धी परत द्यायची. त्या दिवशी फळांची पिशवी देताना त्यांनी सांगितलं की पोटात कॅन्सर आहे आणि पसरलाय. डॉक्टर स्पष्ट बोलले होते. औषधोपचार केले तर काही महिने जास्त मिळतील, मिळणारही नाहीत. कुठे जायचं असेल तर अंगात ताकद आहे तोवर जा.

वहिनींचं ठरलेलं होतं. त्यांना विट्याला जायचं होतं. दोन गल्ल्या सोडून त्यांची धाकटी बहीण राहते, घराच्या मागच्या पायरीवर बसलं की तिची हाक ऐकू येते, म्हणाल्या. आणि म्हणाल्या, "ताई, इथल्या नर्स फार गोड आहेत. पण विचारतात, एक ते दहामध्ये किती दुखतंय? कसं सांगू? माझं कधी ठणकतं, कधी चमक निघते, कधी नुसतीच कळ येते आणि जाते. ते आकड्यात बसत नाही. मला मराठीत मरायचंय."

मुलगा आणि सून ऐकतील का, असं मी विचारलं. त्या हसल्या. "माझं कुणी ऐकणार नाही. पण माझा विरोधी पक्ष आहे की. जन्मभर माझ्या आमटीला हरकत घेतली, ती कधीतरी उपयोगाला येईल."

चार दिवसांनी घरात बोलणं व्हायचं होतं. वहिनींनी मला बोलावून घेतलं, नुसतं शेजारी बसा म्हणाल्या. टेबलावर मुलगा एका बाजूला, भाऊ त्याच्या समोर, रोजच्यासारखे. मुलगा फार चांगला आहे. सुनेने नोकरीवर रजेचं बोलून ठेवलं होतं. मुलगा सांगत होता की इथे उपचार चांगले आहेत, हीप्स, म्हणजे पुष्कळ लोकांना गुण येतो, तिकडे विट्याहून दर वेळी पुण्याला कसं नेणार, एवढ्या प्रवासात काही झालं तर. बोलता बोलता त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. सून त्याच्या पाठीवर हात ठेवून रडत होती.

वहिनी म्हणाल्या, "मला घरी जायचंय."

मग सगळ्यांनी भाऊंकडे बघितलं. त्यांचा चष्मा कपाळावर गेला. हात उचलला गेला, अर्धा. मी तो हात बघत होते. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि मग हळूहळू खाली टेबलावर आला.

"लढाईची वेळ आहे," भाऊ म्हणाले. "अशा वेळी विरोधी पक्षानं सरकारात यावं. माझी काही हरकत नाही."

मुलाने उठून त्यांना मिठी मारली. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही?"

भाऊंनी वर बघितलं नाही. वहिनी टेबलावरचे कप गोळा करायला लागल्या. "मग काही हरकत नाही," त्या म्हणाल्या आणि कप घेऊन सिंककडे गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंची खुर्ची मुलाच्या शेजारी गेली. हॉस्पिटलला जाताना ते जँडल काढून बूट घालायला लागले. वहिनींची पिशवी धरायचे, नर्सला इथल्या पद्धतीचा नमस्कार, कीया ओरा, म्हणायचे, डॉक्टर काही बोलले की मुलाच्या आधी मान हलवायचे. पास्ता बसून खायचे. सून मला म्हणाली, बाबा किती बदललेत, आम्हाला फार आधार वाटतो. ते खरंच होतं.

वहिनींच्या तोंडाची चव गेली, मग केस गेले, मग पायातली ताकद गेली. मी दुपारी जाऊन बसायची. त्या मराठीत दुखण्याचे शब्द सांगायच्या आणि मी ऐकायची. एकदा सगळे खोलीत असताना त्या म्हणाल्या, आता बास करा. मुलगा म्हणाला, आई, एवढाच एक डोस. सून म्हणाली, एवढाच एक. भाऊ मुलगा-सुनेच्याच बाजूला पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी वहिनींच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. पलंगाच्या या बाजूला फक्त मी होते, आणि मला त्या घरात मत नव्हतं.

हिवाळ्यात वहिनी गेल्या. हॉस्पिटलमध्येच. उपचार सुरू झाल्यावर विमानात बसण्यासारखी तब्येत एकदाही झाली नव्हती.

काही आठवड्यांनी मी तळ्याकडे गेले तर भाऊ त्या बाकावर बसले होते. मी दुसऱ्या टोकाला बसले. वारा होता, बदकं गवतावर येऊन बसली होती. भाऊ पाण्याकडे बघत म्हणाले, "ताई, मी नको म्हटलं असतं आणि तिला घेऊन गेलो असतो, आणि ती तिथे महिन्यात गेली असती, तर सगळे म्हणाले असते की म्हाताऱ्याच्या हट्टानं गेली. मी घाबरलो. सरकारात गेलं की दोष सगळ्यांचा होतो. म्हणजे कुणाचाच नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि मला ती आणखी थोडी हवी होती."

आम्ही दिवे लागेपर्यंत तिथेच बसलो.

ते गुरुवारी यायला लागले, त्याच खुर्चीवर. पण काहीही ठरलं की म्हणायचे, "काही हरकत नाही." इथे सगळेच उठता बसता नो वरीज म्हणतात, त्यासारखं. माणसं कासावीस झाली. एके दिवशी अध्यक्षांनी मुद्दाम जाहीर केलं की यापुढे चहात आलं घालायचं नाही आणि साखर आधीच घातली जाईल. या दोन्हींवर भाऊंनी पूर्वी किती सभात्याग केले होते. सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"काही हरकत नाही," भाऊ म्हणाले.

अध्यक्ष खाली बसले. थोड्या वेळाने स्वतःच उठून आलं किसायला लागले.

दिवाळीचा कार्यक्रम आला. इथे तेव्हा थंडी सरत आलेली असते आणि दिवे लावायला अंधार उशिरा पडतो. कार्यक्रमाआधी वर्षभरात गेलेल्यांना श्रद्धांजली वाहायची आमची पद्धत. हॉल भरला होता, मुलं-सुना आल्या होत्या. भाऊंचा मुलगा खुर्च्या मांडायला लवकर आला होता आणि दोन खुर्च्या हातात घेऊन माझ्याजवळ दाराशी उभा होता. अध्यक्षांनी वहिनींचं नाव घेतलं. त्यांनी मनापासून लिहून आणलं होतं. वहिनींनी आजाराशी शूरपणे झुंज दिली, म्हणाले, अखेरच्या श्वासापर्यंत त्या लढत राहिल्या. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या.

सगळे उठले. भाऊ बसून राहिले. मग त्यांचा चष्मा कपाळावर गेला आणि उजवा हात वर आला, अर्धा.

"अध्यक्षमहाराज, हरकत आहे."

क्षणभर लोकांच्या चेहऱ्यावर आनंदच दिसला. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, आले बाबा भाऊ परत.

"ती लढली नाही," भाऊ म्हणाले. "लढाई आम्ही केली. ती घरी जायचं म्हणत होती. नोंद घ्या."

अध्यक्षांच्या हातातला कागद खाली आला. "घेतो, भाऊ," ते म्हणाले. त्यांच्या खिशाला पेन नव्हतं. माझ्या शेजारी मुलाने खुर्च्या हळूच जमिनीवर टेकवल्या. मग त्यातली एक उचलली, लोकांमधून वाट काढत गेला आणि वडिलांच्या समोर ठेवून तिच्यावर बसला. दोन मिनिटं झाली असावीत. मग कुणीतरी लहान मुलांना फराळाकडे नेलं आणि कार्यक्रम सुरू झाला.

नाताळच्या सुट्टीत मुलगाच भाऊंना विट्याला सोडून आला. वहिनी बरोबर होत्या, तांब्यात. निघताना भाऊ कुंपणापाशी आले, पायात जँडलच होत्या. "येतो ताई," म्हणाले, आणि नंतर काही म्हणतील म्हणून मी थांबले, पण ते तसेच वळले.

आता गटात सगळं पटकन ठरतं. खिडकीजवळच्या खुर्चीवर लोक कोट ठेवतात.

अध्यक्षांनी ती नोंद कुठे घेतली नाही हे मला माहीत आहे, कारण आमच्याकडे नोंद घ्यायला काही नाहीच. भाऊ म्हणायचे, ताईंचं मत राखून ठेवलेलं आहे. ते इथे लिहिते. वहिनी लढल्या नाहीत. त्यांना घरी जायचं होतं. माझी हरकत आहे.